बॅटरीचं वय कोण सांगणार?

शहापूर-मुरबाडच्या वाटेवर जुनी हायब्रिड घेताना

दसऱ्या-दिवाळीला शोरूममधून नवी गाडी हार घालून बाहेर पडते, तेव्हा अनेकदा तिच्या बदल्यात एक जुनी गाडी तिथे जमा झालेली असते. एक्स्चेंजमध्ये आलेली ही गाडी पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत धुऊनपुसून, पॉलिश मारून कल्याण, भिवंडी, ठाणे, नाशिकच्या सेकंड हँड बाजारात उभी राहते. तिथून बऱ्याच गाड्या आमच्या शहापूर-मुरबाडकडे येतात. निवृत्तीचा फंड, जमिनीचा मोबदला, मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाची बचत, पतपेढीचं कर्ज, असे पैसे जुळवून घरात पहिली चारचाकी येते ती दुसऱ्या हाताचीच. हे पैसे पुन्हा उभे राहायला वर्षं लागतात. म्हणून ती गाडी नीट पारखून घ्यायला हवी.

इतकी वर्षं ही पारख अवघड नव्हती. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यायचा. तो इंजिनचा आवाज ऐकायचा, सायलेन्सरचा धूर बघायचा, डिपस्टिक काढून ऑइल बोटावर घ्यायचा, क्लच दाबून पाहायचा आणि मान हलवायचा. आता बाजारात हायब्रिड आणि विजेच्या गाड्या येऊ लागल्या आहेत. त्यांच्या पोटातला सर्वांत महाग भाग सीलबंद पेटीत असतो. तो आवाज करत नाही, धूर सोडत नाही, त्याला डिपस्टिक नसते. किलोमीटरचा काटा गाडी किती चालली ते सांगतो, पण बॅटरी किती उरली ते सांगत नाही. या गाड्यांची पारख आपल्याला नव्याने शिकावी लागणार आहे आणि हा लेख त्यासाठीच आहे.

‘हायब्रिड’ म्हणजे नेमकी कोणती?

विकणारा ‘हायब्रिड आहे’ म्हणतो, तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा तो हा, कारण या एका नावाखाली तीन वेगळ्या गाड्या विकल्या जातात.

पहिली माइल्ड हायब्रिड. मारुतीने २०१५ मध्ये सियाझ आणि अर्टिगावर ‘एसएचव्हीएस’ हे बिरुद लावलं, ती ही जात. यात विजेची मदत इंजिनला जरा हात लावण्यापुरती असते. नुसत्या बॅटरीवर ही गाडी अंगणातून रस्त्यावरही येत नाही. ती चांगली असू शकते, पण हायब्रिड म्हणून तिला जास्तीचे पैसे मोजायचं कारण नाही.

दुसरी स्ट्राँग हायब्रिड. २०२२ च्या मे महिन्यात आलेली होंडा सिटी ई-एचईव्ही, त्याच वर्षी आलेल्या टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा, मग इनोव्हा हायक्रॉस. या गाड्या कमी वेगात निव्वळ विजेवर चालतात. बॅटरी इंजिन आणि ब्रेकच्या जोरावर आपोआप भरते, बाहेरून प्लग लावायचा नसतो. बॅटरी लहान असते. हायरायडरची एक युनिटपेक्षाही कमी वीज साठवते. याच ग्रँड विटारा-हायरायडर माइल्ड हायब्रिडमध्येही मिळतात, बाहेरून जवळपास तशाच दिसतात, आणि नवख्या गिऱ्हाइकाची सर्वांत जास्त फसगत होऊ शकते ती इथेच.

तिसरी प्लग-इन हायब्रिड. हिच्यात पेट्रोलची टाकीही असते आणि घरच्या प्लगवर भरता येणारी मोठी बॅटरीही. चीनच्या बीवायडीने २००८ मध्ये अशी गाडी बाजारात आणली, अमेरिकेत २०१० च्या अखेरीस शेव्हर्ले व्होल्ट आली.

या तिघींखेरीज चौथी, हायब्रिडच नसलेली, पूर्ण विजेची गाडी. तिची नंबरप्लेट हिरवी असते. खाजगी गाडीला हिरव्यावर पांढरी अक्षरं, टॅक्सीला हिरव्यावर पिवळी. हायब्रिडला नेहमीची पांढरी प्लेट असते.

त्यामुळे आरसी हातात घेऊन इंधनाचा रकाना वाचा. तिथे ‘पेट्रोल/हायब्रिड’ लिहिलं असेल तर तेवढ्यावर समाधान मानू नका, कारण माइल्ड हायब्रिडचीही नोंद तशी सापडते. मॉडेलचं पूर्ण नाव, व्हेरिएंट आणि चासी नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये खात्री करून घ्या. सोपी चाचणी हवी असेल तर स्टार्ट बटण दाबा. स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी चार्ज असताना बहुधा इंजिनचा आवाजच होत नाही, समोर ‘रेडी’ हा दिवा लागतो आणि गाडी निःशब्द पुढे सरकते. माइल्डमध्ये पहिल्याच क्षणी इंजिन चालू होतं.

आमच्या वाटेला साजेशी, पण न मिळणारी

आसनगाव हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरचं स्टेशन, सीएसएमटीपासून सुमारे ८५ किलोमीटरवर. शहापूर इथून हाकेच्या अंतरावर. किन्हवली, डोळखांब, शेणवे भागातली माणसं रोज इथवर येतात, गाडी लावतात आणि लोकल पकडतात. तिकडे मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. सरळगाव, धसई, टोकावडे, म्हसे इथल्या माणसाला कल्याण गाठायचं तर रस्त्यानेच. म्हणजे आसनगाव गाठणाऱ्याचा रोजचा पल्ला वीस-पंचवीस किलोमीटर जायचा, तितकाच यायचा. आणि महिन्यातून एखाद-दोनदा नाशिक, आळेफाटा, पुणे, वर्षाकाठी एकदा पंढरपूर.

प्लग-इन हायब्रिड नेमकी अशाच आयुष्यासाठी बनवलेली आहे. रोजचं जाणं-येणं रात्री घरी भरलेल्या विजेवर आणि लांबचा प्रवास पेट्रोलवर. चार्जिंग कुठे मिळेल याची काळजी नाही. पण भारतात ही गाडी सामान्य माणसासाठी आलीच नाही. बीएमडब्ल्यूने आय-८ आणली २०१५ मध्ये, व्होल्व्होने एक्ससी-९० टी-८ आणली २०१६ मध्ये, २०२२ च्या डिसेंबरात बीएमडब्ल्यूची एक्सएम आली. सगळ्या कोटीच्या पुढच्या. करानेही हात दिला नाही. विजेच्या गाडीवर ५ टक्के जीएसटी, तर मोठ्या हायब्रिडवर उपकर धरून ४३ टक्के, असा हिशेब अनेक वर्षं होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्क्यांवर आला, विजेच्या गाडीचा ५ टक्केच राहिला. परदेशातून वापरलेली गाडी आणायची म्हटलं तर ती ३ वर्षांहून जुनी नको, अशी अट आहे आणि वर आयात शुल्काचा डोंगर.

तेव्हा आपल्या बाजारात आज खरी निवड आहे ती जुनी स्ट्राँग हायब्रिड आणि जुनी विजेची गाडी यांच्यात. पण प्लग-इनची पारखही शिकून ठेवली पाहिजे. श्रीमंतांच्या त्या गाड्या सात-आठ वर्षांनी निम्म्याहून कमी किमतीत दिसतात तेव्हा मोह होतो. शिवाय तिच्यात पेट्रोल आणि वीज दोन्ही असल्याने तिची तपासणी ज्याला जमली त्याला बाकी दोन्ही गाड्यांची जमली.

आधी कागद, मग गाडी

म्हशाच्या यात्रेत बैल घेणारा शेतकरी मालकाचं बोलणं ऐकतो, पण हात बैलाच्या तोंडात घालतो. दात पाहिल्याशिवाय वय मानत नाही. या गाड्यांचे दात म्हणजे सर्व्हिसचे कागद आणि बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट.

सर्व्हिस हिस्ट्री मागताना शिक्के मारलेल्या पुस्तिकेवर थांबू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या संगणकात प्रत्येक जॉब कार्ड तारीख आणि किलोमीटरसह असतं. मालकाला सोबत घेऊन जा आणि ती यादी छापून मागा. तीत तीन गोष्टी पाहा. किलोमीटर चढत्या क्रमाने आहेत का, म्हणजे मीटर मागे फिरवलेला नाही ना. सर्व्हिसमध्ये मोठा खंड पडला आहे का. आणि बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर यांपैकी काही बदललं आहे का, बदललं तर का. बदललेली बॅटरी दरवेळी वाईट खूण नसते. वॉरंटीत कंपनीने नवी बसवून दिली असेल तर तो फायदाच.

कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांची चौकशीही तिथेच करा. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलर तपासायला १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, त्यात ग्रँड विटारा होती. टोयोटाने हायरायडरही बोलावली. असं काम फुकट होतं, पण पहिला मालक गेलाच नसेल तर ते राहून गेलेलं असतं.

मग वॉरंटी. हायरायडर, ग्रँड विटारा, हायक्रॉस, सिटी ई-एचईव्ही यांच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. टाटाच्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीलाही तितकीच. एमजी झेडएस ईव्हीला ८ वर्षं किंवा दीड लाख किलोमीटर. ही वर्षं गाडी पहिल्यांदा विकली गेली त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतली त्या दिवसापासून नाही. जानेवारी २०२० ची नेक्सॉन तुमच्या दारात आली तरी तिची वॉरंटी जानेवारी २०२८ लाच संपणार.

नव्या गाड्यांच्या जाहिरातीत ‘आजीवन वॉरंटी’ दिसते, तिची अटही वाचा. महिंद्राच्या बीई-६ आणि एक्सईव्ही-९ई या गाड्यांत ती पहिल्या खाजगी मालकापुरती आहे. मालक बदलला की १० वर्षं किंवा २ लाख किलोमीटर उरतात. दुसऱ्या मालकाला किती मिळणार, हे कंपनीकडून ई-मेलवर लेखी घ्या. विक्रेत्याचं ‘होऊन जाईल साहेब’ पुढे उपयोगी पडत नाही.

बॅटरीची नाडी

बॅटरीची मूळ क्षमता आता किती टक्के उरली आहे, याला या धंद्यात ‘हेल्थ’ म्हणतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा स्कॅनर ती वाचतो. दोन-तीन हजार रुपये गेले तरी ही तपासणी टाळू नका. छापील रिपोर्टवर चासी नंबर आणि तारीख असली पाहिजे. विकणारा ही तपासणी करू देत नसेल तर तिथेच हात जोडून निघा.

विजेची किंवा प्लग-इन गाडी असेल तर आणखी एक पडताळणी घरच्या घरी होते, आणि तिचं उपकरण आपल्या भिंतीवर आधीच आहे. महावितरणचा मीटर. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत सांगतात, आणि एक किलोवॅट-तास म्हणजेच बिलावरचं एक युनिट. समजा, गाडीची बॅटरी ३० युनिटची आहे. ती ४० टक्क्यांवर असताना प्लग लावा. घरातला फ्रीज, पंप, पंखे बंद ठेवा. मीटरचं रीडिंग लिहून घ्या, ९० टक्क्यांना पुन्हा लिहा. अर्धी बॅटरी भरली, म्हणजे १५ युनिट आत जायला हवीत. वाटेत थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर १६-१७ दिसतील. तिथे १२-१३ च दिसली, तर ‘अर्धी बॅटरी’ आता पूर्वीइतकी उरलेली नाही. पडद्यावरचे टक्के उरलेल्या क्षमतेचे असतात, मूळ क्षमतेचे नाहीत. १०० टक्के दाखवणारी बॅटरीही आतून आटलेली असू शकते. हा हिशेब ढोबळ आहे, स्कॅनरची जागा घेणार नाही. पण रिपोर्ट आणि मीटर यांच्यात फार तफावत दिसली तर प्रश्न विचारायला हक्काचं कारण मिळतं.

पडद्यावर दाखवलेल्या ‘रेंज’वर मात्र भरवसा ठेवू नका. पहिल्या नेक्सॉन ईव्हीची प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर होती, प्रत्यक्ष रस्त्यावर लोकांना २०० च्या आसपास मिळत असे. तुलना प्रत्यक्षाशी करा.

गाडी आधी टॅक्सीत होती का, हेही आरसीवरच्या जुन्या नोंदीतून काढा. टॅक्सीची बॅटरी दिवसातून दोनदा फास्ट चार्जरवर तापलेली असू शकते. किलोमीटर कमी असले तरी ते कष्टाचे असतात.

स्ट्राँग हायब्रिडला प्लग नाही, म्हणून तिची नाडी चालवून पाहावी लागते. एनर्जी मॉनिटर चालू ठेवा आणि बाजारातल्या गर्दीत सावकाश चालवा. बॅटरीच्या पट्ट्या हळूहळू उतरल्या आणि हळूहळू चढल्या पाहिजेत. भरलेली बॅटरी दोन मिनिटांत रिकामी होत असेल, लगेच पुन्हा भरत असेल आणि मागून पंख्याचा आवाज सतत येत असेल, तर सेल थकलेत असं समजा.

हा पंखा म्हणजे आमच्याकडची खास गोष्ट. अनेक हायब्रिडमध्ये बॅटरी थंड ठेवायला गाडीच्या आतलीच हवा ओढली जाते. तिची जाळी मॉडेलनुसार सीटच्या बाजूला किंवा खाली असते, मालकाच्या पुस्तिकेत जागा दिलेली असते. उन्हाळ्यात आमच्या रस्त्यांवरची लाल धूळ, खडीच्या ट्रकमागचा फुफाटा, सीटवर टाकलेली पोती, सगळं त्या जाळीवर बसतं. जाळी तुंबली की बॅटरी तापते, आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. टॉर्च घेऊन वाकून बघा. तिथे जळमटं आणि धुळीचा थर असेल तर मालकाने गाडीची पुस्तिका कधी उघडलेली नाही.

पाणी आणि उंदीर

२७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली, ते दृश्य देशाने पाहिलं. त्या पुरात सोसायट्यांच्या तळमजल्यावर उभ्या असलेल्या गाड्याही बुडाल्या होत्या. ७ जुलै २०२४ ला आटगावजवळ रुळांवर माती वाहून आली आणि कसारा मार्ग बंद पडला. कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या रायते पुलाचं पावसाळ्यातलं रूप आम्हाला नवं नाही. भातसा, काळू, उल्हास, सगळ्या नद्या आमच्या अंगणातून जातात. अशा भागात बुडालेली गाडी साफसूफ होऊन बाजारात येणं अगदी शक्य आहे.

पेट्रोलच्या गाडीत पाणी गेलं तर दुरुस्ती तरी असते. उच्च दाबाच्या बॅटरीच्या कनेक्टरमध्ये गेलेलं पाणी महिन्यांनंतर गंज बनून बाहेर येतं. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते का पाहा. स्टेपनीचा खड्डा उघडा. सीटच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालचा कुबट वास, डिक्कीतल्या दिव्यात साचलेली वाफ पाहा. विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास मागा. एखाद्या जुलै-ऑगस्टमध्ये मोठा क्लेम दिसला, तर कशाचा होता ते विचारा.

उंदीर-घुशींकडेही लक्ष द्या. गावात गाडी पडवीत, भाताच्या पेंढ्याशेजारी उभी असते. बॉनेट उघडल्यावर जाड नारिंगी केबल दिसतील. त्या उच्च दाबाच्या. त्यांना हात लावायचा नाही, फक्त डोळ्यांनी पाहायचं. नारिंगी आवरणावर दातांच्या खुणा, सैल झालेलं वेष्टन किंवा काळी चिकटपट्टी दिसली, की व्यवहार थांबवून सर्व्हिस सेंटर गाठा. आपल्या नेहमीच्या गॅरेजवाल्यालाही प्रशिक्षण असल्याशिवाय तिथे हात घालू देऊ नका. यात जीव जाऊ शकतो.

इंजिन विसरू नका

बॅटरीच्या नादात हायब्रिडच्या इंजिनाकडे दुर्लक्ष होतं. त्याला ऑइल, फिल्टर, कूलंट सगळं लागतं. शिवाय अनेक मॉडेलमध्ये इन्व्हर्टरचं कूलंट वेगळ्या डब्यात असतं. दोन्ही डब्यांची पातळी पाहा.

प्लग-इनमध्ये इंजिनची दोन टोकं दिसतात. एखादा मालक रोज चार्ज करून फक्त विजेवर फिरतो. त्याचं इंजिन महिनोन् महिने झोपून असतं, टाकीतलं पेट्रोल जुनं होतं, किलोमीटर झाले नाहीत म्हणून ऑइलही बदललेलं नसतं. दुसरा मालक कधी प्लगच लावत नाही. त्याची गाडी बॅटरीचं ओझं वाहत पेट्रोलवरच धावलेली असते. युरोपात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष वापराची आकडेवारी मांडली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सरासरी साडेतीन पट निघालं. गाडी तीच, सवय वेगळी. म्हणून चार्जिंग केबल मागा आणि ती नीट पाहा. पिना काळवंडलेल्या असतील, वितळल्याची खूण असेल तर घरचा प्लग सैल होता. केबल कोरी करकरीत असेल तर ती कधी वापरलीच नाही. आणि केबलच नसेल, तर नव्या केबलची किंमत किमतीतून वजा करा.

ब्रेकही पाहा. हायब्रिड आणि विजेच्या गाड्या वेग कमी करताना वीज बनवतात, त्यामुळे ब्रेक पॅड फार टिकतात. पण वापर कमी म्हणून आमच्या पावसात डिस्क गंजतात.

एक साधी गोष्ट शेवटी. या गाड्यांतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही. लोक घाबरून मोठी बॅटरी गेली समजतात. ही छोटी बॅटरी बदलणं स्वस्त आहे, घासाघीस करताना एवढंच लक्षात ठेवा.

कसारा घाटाची परीक्षा

गाडी पाहायला सकाळी जा आणि आधी सांगून ठेवा की ती चालू करून ठेवू नका. थंड गाडीच खरं बोलते. मग एसी लावून दहा मिनिटं जागेवर उभी करा. इंजिन मधेच चालू होईल, बंद होईल. त्या वेळी हादरा, ठोका किंवा खरखर येता कामा नये.

त्यानंतर आसनगावहून खर्डी मार्गे कसारा घाट. भरलेल्या गाडीने, जमलं तर चार माणसं बसवून. लांब चढावर स्ट्राँग हायब्रिडची लहान बॅटरी लवकर उतरते आणि इंजिन चढ्या आवाजात फिरू लागतं. हा त्या रचनेचा स्वभाव आहे. पाहायचं ते हे की, ताकद एकदम गळते का, पडद्यावर इशारा येतो का, कूलंट तापतं का. परत उतरताना बॅटरी भरत जाते. पूर्ण भरली की गाडी इंजिनचा ब्रेक म्हणून वापर करते आणि आवाज वाढतो. हाही दोष नाही. उतारावर बॅटरी अजिबात भरत नसेल तर तो दोष.

याच फेरीत आपल्या गरजेचाही विचार करा. स्ट्राँग हायब्रिड पेट्रोल वाचवते ती कल्याणच्या, शिळफाट्याच्या, भिवंडी बायपासच्या गर्दीत. महामार्गावर एका लयीत धावताना तिचा फायदा घटतो. इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून थेट नागपूरला जातो. ज्याचा बहुतेक प्रवास तिथेच व्हायचा आहे, त्याने हायब्रिडसाठी जास्त पैसे मोजण्याआधी पुन्हा हिशेब करावा. विजेची गाडी घेणाऱ्याने लक्षात ठेवावं की ताशी १०० च्या पुढे बॅटरी झपाट्याने उतरते.

घरचा प्लग

विजेची किंवा प्लग-इन गाडी घ्यायच्या आधी घराची परीक्षा घ्या. १५ अँपिअरच्या प्लगवर ताशी साधारण तीन युनिट जातात. म्हणजे ३० युनिटची बॅटरी रिकामीपासून भरायला दहा तास, पूर्ण रात्र. इतका वेळ सलग इतका भार घरातल्या जुन्या वायरिंगने पेलला पाहिजे. वायरमनकडून मीटरपासून प्लगपर्यंत स्वतंत्र जाड वायर आणि वेगळा एमसीबी घालून घ्या. मंजूर भार पुरेसा आहे का पाहा. अर्थिंग नीट नसेल तर अनेक गाड्या चार्जच घेत नाहीत, आणि ते बरंच आहे. रात्री व्होल्टेज किती पडतं तेही मोजा. पावसाळ्यात लाइट किती वेळ जाते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ज्याच्या वाडीत दोन-दोन दिवस वीज नसते, त्याने फक्त विजेच्या गाडीवर घराची सगळी भिस्त ठेवू नये. दवाखान्याची वेळ सांगून येत नाही.

पैसे देण्याआधी

मालक व्यवस्थित माणूस असला तरी कागद पूर्ण करा. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असेल तर लागेल ती एनओसी. ई-चलान भरलेली हवीत. हायब्रिडला पीयूसी लागते, पूर्ण विजेच्या गाडीला लागत नाही. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाकडेच राहतो. डीलरकडून घेत असाल तर तो आरटीओकडे नोंदणीकृत आहे का विचारा. जुन्या गाड्यांच्या डीलरांना अधिकारपत्र देण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. डीलरला त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी पडतो. दोन व्यक्तींच्या आपसातल्या व्यवहारावर तो नाही.

किंमत ठरवताना बॅटरीच्या वॉरंटीची उरलेली वर्षं मोजा. पाच वर्षं उरलेली गाडी आणि एक वर्ष उरलेली गाडी यांत रंग-टायरच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा फरक आहे. वॉरंटी संपलेली गाडी घेणारच असाल तर आधी नव्या बॅटरीचं कोटेशन सर्व्हिस सेंटरमधून लेखी घ्या, आणि तो खर्च उद्याच करावा लागला तर झेपेल का, हे घरात सगळ्यांसमोर बोला. झेपणार नसेल तर साधी पेट्रोल किंवा सीएनजी गाडी घेण्यात कमीपणा नाही. २०२५ च्या जीएसटी बदलानंतर लहान नव्या गाड्याही स्वस्त झाल्या आहेत, हा मुद्दा घासाघीस करताना पुढे करा.

जे सरकारने करायला हवं

इतका सगळा खटाटोप एकट्या गिऱ्हाइकावर टाकणं न्याय्य नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून विजेच्या गाड्यांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट असणार आहे. कॅलिफोर्नियाने २०२६ च्या मॉडेलपासून बॅटरीची हेल्थ चालकाला गाडीतच दिसली पाहिजे, असा नियम केला आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये विजेच्या वाहनांचं धोरण केलं. नवी गाडी घेणाऱ्याला सवलत मिळाली, टोलमाफी मिळाली. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकाकडे पाहायची वेळ आहे, कारण खेड्यात ही गाडी पोहोचते ती त्यांच्याच हातून.

मागणी छोटी आहे. मालकी बदलताना फॉर्म ३० सोबत बॅटरीचा तीस दिवसांच्या आतला हेल्थ रिपोर्ट जोडणं सक्तीचं करावं, आणि तो आकडा वाहन पोर्टलवर गाडीच्या नंबरासमोर सगळ्यांना दिसावा. पीयूसीची तारीख दिसते, विम्याची दिसते, तशीच बॅटरीचीही दिसू शकते. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, गिरणीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या आयुष्यभराच्या बचतीला एवढं संरक्षण मिळालंच पाहिजे.

तोवर हे काम आपणच करायचं. विक्रीच्या करारात एक ओळ स्वतःच्या हाताने लिहून घ्या: आजच्या तारखेला बॅटरीची हेल्थ इतके टक्के, रिपोर्ट सोबत जोडला आहे, वॉरंटी अमुक तारखेपर्यंत. खाली विकणाऱ्याची सही. जो खरं सांगतो आहे त्याला ही सही करायला काहीच अडचण नसते.